ही बॅग कोणी भरली

बोट सकाळी धक्क्याला लागते आणि न्याहारीचा घास गळ्याखाली उतरायच्या आत माणसांना खाली उतरवतात. काल रात्रीपर्यंत "सर, अजून थोडं घ्या" म्हणून पाठीमागे लागणारे आज झाडू आणि चादरी घेऊन दारात उभे. गरज सरो, वैद्य मरो. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, दुपारी नवी गिऱ्हाइकं चढायची असतात. माझं विमान मात्र रात्रीचं होतं. म्हणजे अख्खा दिवस, अनोळखी बंदर, दोन बॅगा आणि मी.

दोन बॅगांपैकी छोटी माझी. मोठी, तपकिरी, एका चाकाने कुरकुरणारी, ती आमच्या हिची. ही जाऊन दोन-अडीच महिने झाले होते. बोटीची सहल दोघांची ठरली होती, पैसे भरून झाले होते आणि मग तिचं दुखणं निघालं. तिने सहल रद्द करू दिली नाही. अंथरुणाला खिळल्यावरही लेकीकडून कबूल करून घेतलं की काही झालं तरी बाबांना पाठवायचं. त्याच्या आधी, अजून हिंडती-फिरती असताना, एका दुपारी मी बाहेर गेलेला बघून तिने दोन्ही बॅगा भरल्या, बंद केल्या आणि भिंतीशी उभ्या करून ठेवल्या. मी आलो तर खुर्चीत बसून धापा टाकत होती. "सगळं भरलंय," म्हणाली. "तुम्ही आता काही बघू नका."

मी बघितलं नाही. ती गेल्यावरही नाही. बॅग बंद होती तोवर आमची ही प्रवासाला निघालेली बाई होती. उघडली की आत नुसते गेलेल्या बाईचे कपडे राहणार. हे मी कोणाला सांगितलं नाही. लेक म्हणाली, "बाबा, आईची बॅग कशाला ओढत नेताय?" मी म्हणालो, "असू दे." ठरवलं एवढंच होतं की बंद नेली तशी बंद परत आणायची. या सगळ्या सहलीत मला हवी असलेली गोष्ट तेवढी एकच.

धंद्याने मी सामान हलवणारा. लोकांची घरं इकडून तिकडे नेण्यात जन्म गेला. आधी हमाल, मग मुकादम, मग दोन ट्रकांचा मालक. आमच्यात एक नियम आहे : गिऱ्हाइकाने स्वतः बंद केलेला खोका उघडायचा नाही, आत विटा असोत नाहीतर वडिलोपार्जित सोनं. आणि एक सवय आहे. खोका उचलला की आत काय आहे ते हाताला कळतं. पुस्तकं खाली ओढतात, कपडे अंगाशी येतात, काच आपल्याला श्वास धरायला लावते. गंमत अशी की जगाची बांधाबांध करणाऱ्या या माणसाने स्वतःची बॅग कधी भरली नाही. "तुम्ही कोंबता," ती म्हणायची, "मी रचते." रचायचीच ती. तिच्या बॅगेत बोट घालायला फट सापडायची नाही. मोठी तिची, छोटी माझी, यात लग्नापासून बदल नव्हता.

बोटीवर पहिल्या दिवशी छोटी उघडली तर आत दोन सदरे, एक पँट, आतले कपडे आणि दाढीचं सामान. संपलं. मी चिडलो. खरंच चिडलो, गेलेल्या बायकोवर. मग मनात आलं, दमली असेल बिचारी, मधेच सोडून दिलं असेल. सगळी सहल मी ते दोन सदरे आलटून पालटून न्हाणीघरात धुऊन घातले. डेकवर वारा हाडात शिरायचा, स्वेटर नव्हता. ऊन निघालं की टाळू भाजायची, टोपी नव्हती. कप्तानाच्या मेजवानीला तर दारावरच्या माणसाने मला आधी वरून खाली पाहिलं, मग खालून वर, आणि गोड आवाजात सांगितलं की कोट आणि बूट असल्याशिवाय आत सोडता येत नाही. मी पायातल्या चपला फटफटवत वरच्या मजल्यावर गेलो, उभ्याने सूप प्यायलो आणि खोलीत येऊन सगळी हकीकत मोठ्या बॅगेला सांगितली. ती दुसऱ्या पलंगावर होती. तिच्याच पलंगावर ठेवली होती मी तिला.

खोली आवरणारा रोज संध्याकाळी दोन्ही उशांवर एकेक चॉकलेट ठेवून जायचा. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मॅडम कधी दिसत नाहीत?"

"वर गेली आहे," मी म्हणालो.

उचलली जीभ लावली टाळ्याला. तसं खोटंही नव्हतं म्हणा. तो समजला हवा खायला गेली. माझं चॉकलेट मी खायचो, तिचं सदऱ्याच्या खिशात टाकायचो. सदरा बदलला की त्या खिशातून या खिशात. तिला गोड आवडायचं, पण कोणासमोर खायची नाही.

शेवटच्या रात्री बोटीवर पद्धत अशी की बॅगांना रंगीत पट्ट्या बांधून त्या खोलीबाहेर ठेवायच्या. त्या आपोआप धक्क्यावर पोचतात. लोक घाईघाईत सगळंच त्यात भरून टाकतात आणि सकाळी रात्रीच्या कपड्यांत उतरतात. असे दोन नमुने मी स्वतः पाहिले. मी मोठी बॅग बाहेर ठेवलीच नाही. सामान हलवणाऱ्यांच्या हाती सामान देणं जिवावर येतं माझ्या. मला माहीत आहे ना आम्ही कसे फेकतो ते.

धक्क्याबाहेर सामान सांभाळून ठेवणारी खोली होती. खिडकीमागे एक बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. छोटी खांद्याला होती. मोठी मी खिडकीपुढच्या फळीवर चढवली.

"काका, ही बॅग तुम्ही स्वतः भरली का?" तिने विचारलं.

निघतानाही विमानतळावर हे विचारलं होतं. तेव्हा लेक शेजारी होती. तिने माझ्या वतीने "हो, हो" म्हणून टाकलं होतं आणि मी छताकडे बघत राहिलो होतो. आता शेजारी कोणी नव्हतं.

"बायकोची आहे," मी म्हणालो.

"मग त्यांना बोलवा. त्यांनीच सांगितलं पाहिजे."

"ती नाही इथे."

"मग उघडून दाखवा. वरवर बघेन आणि ठेवून घेईन. मिनिटाचं काम."

मिनिटाचंच काम होतं. मी तिच्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, आणि बॅग फळीवरून खाली घेतली. मागून ती बाई म्हणाली, "अहो काका, दिवसभर ओढत फिरणार का?" प्रश्न रास्त होता. उत्तर असं की हो.

अनोळखी गावात मोठी बॅग घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी आपलं म्हणत नाही. पुराणवस्तूंचं संग्रहालय दिसलं, तिथे बॅग आत नेऊ देईनात. कापडाच्या दुकानात शिरलो तर दारावरचा पहारेकरी माझ्या मागे-मागे फिरू लागला, जणू मी ठाण उचलून बॅगेत घालणार. बागेत बाक मिळाला. तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायातले बूट बघितले. समोरच्या इमारतीचे मजले मोजले, कोणाकडे पडदे धुवायला झालेत ते पाहिलं, औषधाच्या दुकानाची पाटी पाठ केली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं चाललं होतं. घरी असताना घर खायला उठायचं म्हणून बाहेर पडलो होतो. इथे गाव खायला उठलं.

ऊन चढल्यावर एका चहाच्या दुकानात शिरलो. कोपऱ्यातलं दोघांचं टेबल मिळालं. वाढणारा आला आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून म्हणाला, "ही खुर्ची रिकामी आहे ना? तिकडे हवी आहे."

"नाही," मी म्हणालो, आणि मोठी बॅग उचलून खुर्चीत बसवली.

त्याने बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडून खुर्ची नेली. बहुतेक आत जाऊन हसला असेल. हसू दे.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, उतरलात का? आता काय करताय?"

"गाव बघतोय."

"एकटे कंटाळला नाहीत ना?"

"छे गं. मजेत आहे. चहा घेतोय."

"आईला किती आवडलं असतं," ती म्हणाली. मग तिने पाणी पीत जा, पाय दुखले तर बसा असं सांगून फोन ठेवला. मी समोरच्या बॅगेला म्हणालो, "तुझी लेक होती." मोठ्याने म्हणालो असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईने आपली पर्स जवळ ओढली.

मोठ्या रस्त्यावर करमेना म्हणून दुपारी एका गल्लीत वळलो, तर समोर ट्रक उभा, मागची फळी पाडलेली, आणि तीन हमाल दुसऱ्या मजल्यावरून कपाट उतरवताहेत! जीव एकदम हलका झाला. परदेशात आपल्या गावचा माणूस भेटावा तसं झालं. आधी गप्प उभं राहायचं ठरवलं. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. जिन्याच्या वळणावर त्यांनी कपाट आडवं केलं आणि मला राहवलं नाही.

"उभं करा, उभं! दारं भिंतीकडे!"

खालच्या अंगाला लागलेला आडदांड गडी, ज्याला बाकीचे पैलवान म्हणत होते, त्याने मान वळवून मला पाहिलं. शिवी देईल असं वाटलं. पण त्याने कपाट उभं केलं, दारं भिंतीकडे केली आणि ते सरळ खाली आलं.

"धंद्यातले दिसता, दादा," तो घाम पुसत म्हणाला.

"होतो."

त्याने मला ट्रकच्या फळीवर बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. गाद्या कशा गुंडाळता, आरसे उभे नेता की आडवे, जिन्याचे दर वेगळे लावता की नाही, असं आम्ही बोलत बसलो. दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी माझ्याबद्दल बोलत होतं. मग पुढचं कपाट यायचं म्हणून त्याने माझी मोठी बॅग वाटेतून उचलली, फुटपाथवर ठेवली आणि सहज म्हणाला,

"बूट आहेत तळाला. चामड्याचे."

"बायकोची बॅग आहे ती," मी म्हणालो.

त्याने पुन्हा जरा उचलून पाहिली. कामाची सवय, दुसरं काही नाही. "मग वहिनींचा पाय भलताच मोठा दिसतो," म्हणाला आणि हसला. "आणि वर जाड लोकर. गड्याचं सामान आहे हे, दादा. बॅग बदलली तर नाही ना बोटीवर?"

"उगाच काहीतरी बोलू नका," मी ओरडलो. ओरडायचं काहीच कारण नव्हतं. तो बिचारा ओशाळला. मी पाण्यासाठी धन्यवादही न देता बॅग ओढत गल्लीबाहेर आलो. चाक कुरकुरत होतं.

बॅग बदललेली नव्हती. बोटीवर ती माझ्या खोलीबाहेर गेली नव्हती, आणि चाकाची कुरकुरही तीच होती. आणि पैलवान चुकलेला नव्हता. चौकात उभं राहून मी ती उचलली, बायकोची बॅग म्हणून उचलायचो तशी नाही. गिऱ्हाइकाचा खोका उचलतात तशी. तळाला दोन्ही कडांना टणक वजन. मधे भरीव. वर जाड, दबलेलं. हिचे कपडे हलके, सुळसुळीत. ते असे बसत नाहीत. माझ्या हाताला हे घरातून निघतानाच कळलं होतं. मीच हाताचं तोंड दाबून धरलं होतं, आणि तेही इतके दिवस.

मग कुठे गेलो नाही. बस पकडून सरळ विमानतळावर आलो आणि सामान घेण्याच्या खिडक्या उघडायची वाट बघत लोखंडी बाकावर बसलो. बाहेर अजून उजेड होता. समोर कुटुंबंच्या कुटुंबं सामान मोजत होती, एकमेकांवर खेकसत होती, "तुला सांगितलं होतं पासपोर्ट वर ठेव म्हणून." अशा खेकसण्याची मला इतकी भूक लागली होती की एका जोडप्याच्या मागे जाऊन उभं राहावं असं वाटलं. बॅग पायाशी होती. उघडली तर काय आणि नाही उघडली तर काय, हे मी बसल्या-बसल्या दहादा उलटसुलट केलं. बंद ठेवली तर तिने काय भरलं ते कधीच कळणार नव्हतं. उघडली तर ती सहलीला निघालेली राहणार नव्हती.

खिडकी उघडली. आत एक मुलगी, माझ्या लेकीपेक्षा लहान. छोटी बॅग तिने बाजूला घेतली. मोठीवर हात ठेवला.

"काका, ही बॅग तुम्ही स्वतः भरली आहे ना?"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तिने प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "बायकोने भरली."

"त्या कुठे आहेत?"

"वारली. त्याआधी भरून ठेवली होती. मी उघडलेली नाही."

तिचा हात बॅगेवरून मागे आला. "काका, मला वाईट वाटतं, पण मग उघडावी लागेल." तिने मला बाजूच्या पत्र्याच्या टेबलापाशी नेलं, हातमोजे घातलेल्या एका माणसाला बोलावलं. तो बॅगेच्या चेनला हात घालणार, तर मी म्हणालो, "थांबा. मी उघडतो."

वर माझा राखाडी स्वेटर होता. घडी तिची, बाह्या आत दुमडलेल्या. त्याखाली माझा काळा कोट, लग्नकार्यातला, पातळ कागदात गुंडाळलेला. माझे चार सदरे, इस्त्रीचे. टोपी, चेपू नये म्हणून आत पायमोजे भरलेली. पित्ताच्या गोळ्या. जादा चष्मा. तळाला दोन्ही कडांना एकेक काळा बूट, पॉलिश केलेला. हातमोजेवाला एकेक वस्तू बाहेर काढत होता आणि मी तिच्या वस्तूची वाट बघत होतो. एखादा रुमाल. एखादा कंगवा. केसांची एक पिन तरी.

बॅग रिकामी झाली. तिचं काहीच नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी थंडीत कुडकुडलो, टाळू भाजून घेतली, मेजवानीच्या दारातून परतलो, आणि कोट, टोपी, स्वेटर सगळं माझ्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, तिच्या पलंगावर. ती मधेच दमली नव्हती. मोठ्या बॅगेत तिने पूर्ण मन लावून मला भरलं होतं, कारण त्या दुपारीच तिला माहीत होतं की मोठी बॅग तिला लागणार नाही. आणि मी आल्यावर खुर्चीत बसून धापा टाकत मला म्हणाली होती, तुम्ही काही बघू नका. केवढी एकटी असेल ती त्या दुपारी. माझे बूट पुसत, आपलं एकही कापड न घेता. मी कुठे गेलो होतो त्या दिवशी, तेसुद्धा आठवत नाही.

मी टेबलाला धरून रडलो. हातमोजेवाला मोजे काढून दुसरीकडे बघत उभा राहिला. मुलीने पाण्याचा पेला आणून ठेवला, हे तिने फार बरं केलं.

मग मी भरायला घेतलं. निघालं तसं उलट्या क्रमाने ठेवायचं, हे तर माझं कामच. बूट, चष्मा, गोळ्या, टोपी, सदरे, कोट. स्वेटर मात्र मी अंगात चढवला. इतक्या दिवसांनी ऊब लागली. पण स्वेटर निघाल्यामुळे वर खड्डा पडला. बॅग बंद करून हलवली तर आत सगळं खडखडलं. तिची रचना अशीच असायची, एक वस्तू काढा, बाकीच्या सैरावैरा. खड्डा बुजवायला काहीतरी हवं होतं.

मी सदऱ्याच्या खिशात हात घातला. तिची सगळी चॉकलेटं बाहेर काढली. दिवसभराच्या उन्हात मऊ होऊन चेपली होती, वरचा चांदीचा कागद चुरगळला होता. छोट्या बॅगेतल्या धुतलेल्या सदऱ्यात ती गुंडाळली आणि पुरचुंडी खड्ड्यात बसवली. चेन ओढली. बॅग हलवून पाहिली. आवाज नाही.

मुलगी पुन्हा खिडकीत जाऊन बसली होती. "काका, नियम आहे म्हणून परत विचारते," ती हळूच म्हणाली. "ही बॅग आता कोणी भरली?"

"आम्ही दोघांनी," मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि बॅगेला पट्टी लावली.